कुंपणाकडे तोंड

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अप्पांचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता त्यांना एक काम सांग. हवाई तळावरच्या आमच्या पोलिस तुकडीला चाळीस वर्षं होताहेत आणि तिचा इतिहास लिहायचं लचांड साहेबांनी माझ्या गळ्यात मारलंय. अक्षर बरं असल्याची शिक्षा! अप्पा तर पहिल्या भरतीतले. त्यांना आठवेल ते सांगू दे, तू लिहून पाठव.

आपला धाकटा इथे मेकॅनिकांत मजेत आहे. विमानाच्या पोटाखालून बाहेर येतो तेव्हा नुसते दात पांढरे दिसतात. रविवारी माझ्याकडे जेवतो आणि माझ्याच वर्दीला नावं ठेवतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

११ मार्च

चि. फौजदारास अ. उ. आ.

अप्पांना विचारायचा अवकाश, गाडी थांबेचना. आधी म्हणे फाटकावर स्वयंपाकी आणि ड्रायव्हर पाळीपाळीने उभे राहायचे. पेट्रोल चोरीला जायला लागलं तेव्हा तुकडी उभी केली. पत्र्याची शेड, एक सायकल आणि एक कुत्रा, तोही पेट्रोलच्या वासाने शिंकणारा. पहिल्या साहेबांनी शिकवलेली गोष्ट मात्र अप्पांनी खुर्चीतून उठून सांगितली. पहारेकऱ्याचं तोंड कुंपणाकडे, पाठ आपल्या माणसांकडे. हे पहिल्या पानावर घाल, असा हुकूम आहे.

धाकट्याला म्हणावं, दोन ओळी लिहिल्याने हात झिजत नाहीत. तुम्हा दोघांवर जीव आहे, हे काय वेगळं लिहायचं?

ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तळ बंद केलाय, म्हणून हे पत्र पावाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. गेल्या आठवड्यात विमान उचलून धरणारा जॅक निसटला आणि विमानाखाली एक मेकॅनिक गेला. धाकट्याच्या शेजारच्या पलंगावरचा. जॅक बाद झालाय हे मेकॅनिकांनी आधीच वर कळवलं होतं. चौकशी होईपर्यंत कामाला हात लावणार नाही म्हणून सगळे मेकॅनिक बसून राहिले, तर साहेबांनी त्यांना हँगरमध्येच कोंडलं. कुलूप मी लावलं. धाकटा आत आहे.

दिवसभर त्या दारात उभा असतो, तोंड आतल्या बाजूला. जेवणाच्या बादल्या आत सरकवतो तेव्हा धाकटा भिंतीकडे बघतो. मी रजा मागितली, मग बदली मागितली. साहेब म्हणाले, तळावरून कुणीही हलणार नाही. म्हणजे कोंडलेला तोही आणि मीही. परवा काठ्या आणि कुत्री घेऊन आत शिरायचंय, आणि पुढे मला ठेवलंय. अप्पांना सांगायचं का, तूच ठरव.

तुझा भाऊ

२० मार्च

चि. भावास अ. उ. आ.

अप्पांना सांगितलं. ते भरल्या ताटावरून उठले. त्याला काय लिहू, असं मी विचारलं. मग म्हणाले, "इथे खुर्चीत बसून मी काय सांगणार? नोकरी त्याची एकट्याची आहे, धाकटा आपल्या सगळ्यांचा आहे, एवढं लिही."

मी फाटकापर्यंत येऊन गेले. तुमच्यातल्याच एकाने नजर चुकवत परत पाठवलं, म्हणून हे पत्रही पावाच्या गाडीतूनच येतंय. मी काही सुचवत नाही, बाबा. दोघंही धडधाकट घरी या, बाकी काही नको.

ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल सगळे रांगेत उभे राहिल्यावर मी पट्टा, शिट्टी आणि काठी साहेबांसमोर ठेवली. परिणाम माहीत आहेत का, असं त्यांनी विचारलं. माहीत आहेत म्हटलं. मग मलाही हँगरमध्ये ढकललं. माझं बघून आणखी दोघांनी काठ्या खाली ठेवल्या, म्हणून आत शिरणं टळलंय. तूर्त तरी. हे पत्र जेवणाच्या रिकाम्या बादलीतून बाहेर पाठवतोय.

ते कुलूप मी किती वेळा लावलं असेल, पण त्याचा आवाज आतून कसा येतो ते काल कळलं. मेकॅनिकना मी हेर वाटतोय, कुणी जवळ बसत नाही. तुकडीचा इतिहास आता दुसरं कुणीतरी लिहील आणि हे वर्ष त्यात बहुधा नसेल.

धाकटा अजून बोललेला नाही. पण गार फरशीवर बसून हे लिहितोय, तर त्याने न बघताच आपल्या अंगाखालची ताडपत्री अर्धी माझ्याकडे सरकवली.

अप्पांना नमस्कार सांग. आशीर्वाद एकाच पत्त्यावर पाठव.

तुझे दोघे भाऊ