मंदिर परेडची शेवटची ओळ

प्रिय सेवकराम,

पत्र पाहून दचकू नकोस, जिता आहे अजून! फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही, ते लिहायला बसलो आहे. खुब्याचा सांधा पार झिजला. डॉक्टरनं साफ सांगितलं, बदलून घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत खाटेला खिळाल. मी नाही म्हटलं. ऑपरेशनची भीती नाही रे. पण पुढे कोणीतरी उठवायचं, बसवायचं, संडासला न्यायचं, ते सोसवत नव्हतं. आमचा पोरगा भुपेंद्र हैदराबादला, त्याला सुट्टी नाही. तुझी वहिनी शामकला मला उचलता उचलता स्वतःचीच कंबर धरून बसली, तरी माझा हेका कायम. तू येतो म्हणालास, तर तुझ्यावरही खेकसलो.

मागच्या आठवड्यात धानाची रोवणी चालू होती. घरी बसा म्हणून शामकला कोकलून राहिली होती, पण मी काठी टेकत शेतावर निघालोच. बांधीच्या धुऱ्यावरून पाय सटकला आणि थेट चिखलात उताणा. रोवणीच्या बाया धावल्या. दूर व्हा म्हणून ओरडलो, पण कोणी ऐकेल तर शपथ! दुर्पताबाईनं मागून काखेत हात घातले, जास्त बोललात तर इथंच सोडून देईन म्हणून दम दिला, आणि सगळ्यांनी हसत हसत मला बाहेर ओढलं. मग तिनं पदरानं माझ्या डोळ्यांत उडालेला चिखल पुसला. काऊन कोण जाणे, मला पलटणीतली रविवारची मंदिर परेड आठवली.

ती प्रार्थना आठवते ना? ‘गिरे हुए को उठा सकूँ, इतना बल दे’, हे आपण छप्पर उडेल इतक्या जोरात म्हणायचो. शेवटच्या ओळीला मात्र सगळ्यांचं लक्ष प्रसादाच्या पुरी-हलव्याकडे. ‘मैं गिरूँ तो उठानेवाले में तुझे पहचानूँ.’ ती मरणाची ओळ आहे असंच आपण धरून चाललो होतो. लढाईत पडलो तर देव न्यायला येईल, तेव्हा त्याला ओळखता यावं. अरे, तो न्यायला नाही, उचलायला येतो! कधी चिखलानं भरलेल्या लुगड्यात येतो, कधी दुखरी कंबर धरून येतो, आणि आपण त्यालाच हाकलून लावतो. इतकी वर्षं हात जोडून म्हटलं, आणि कळलं ते असं धुऱ्यावर बसून. त्या बायांसमोर मी रडलो, सेवकराम. लाज नाही वाटली.

ऑपरेशनला हो म्हटलं आहे. सोमवारी नागपूरला भरती व्हायचं. शामकलाच्यानं मला उचलणं होणार नाही, आणि तू अजून धडधाकट आहेस. पलटणीत असताना त्या बर्फात मी तुला पाठीवर घेऊन उतरलो, तेव्हा तू एकदाही खाली ठेव म्हणाला नाहीस. माझ्या खांद्यावर मान टाकून निर्धास्त पडून राहिलास. तेव्हा मला वाटलं होतं, हिंमत माझी आहे. चिचगडहून रविवारीच निघ आणि आमगावला घरी ये. मला उचलायला ये.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
केवलराम