गाडीच्या पोटात राहिलेली रिंग

प्रिय पोरी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, कुणाला काही झालेलं नाही. अक्षर जरा वेडंवाकडं वाटेल, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली आहे, आणि ती पट्टी मी सध्या पदक मिळाल्यासारखी मिरवते आहे. काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आपली जुनी गाडी तपासणी केंद्रातून पास होऊन बाहेर पडली. ऑइल बदललं, दोन्ही फिल्टर बदलले, बॅटरी साफ केली, ब्रेक तपासले, वायपर नवे घातले. सगळं घरी केलं आणि सगळं मी केलं. हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्यांदा वाचलं. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, कुणाला वाचून दाखवते आहेस? म्हटलं, मलाच.

‘आपली’ गाडी असं सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण राहू दे. घटस्फोटाचा कागद होऊन तू या घरातून गेलीस त्याला आता दीड वर्ष होईल. तू गेल्यापासून गाडी खालच्या पार्किंगमध्ये उभी होती ती उभीच. तू होतीस तोवर दर सहा महिन्यांनी एक अख्खा रविवार तिच्याखाली घालवायचीस. वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढलेली मुलगी तू, तुला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मला मात्र पहिल्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लग्नाला तीन महिने झालेली सून गाडीखाली उताणी, पाय तेवढे बाहेर, आणि वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक गॅलरीतून बघताहेत. मी तुला वर बोलवायला म्हणून खाली आले आणि तू आतून नुसता हात बाहेर काढलास आणि म्हणालीस, चौदाचा पाना. मी दिला. अठ्ठावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढल्यावर कुणी हात पुढे केला की त्यावर काहीतरी ठेवायचं एवढंच मला ठाऊक. पुढच्या वेळी तू मागायच्या आधीच योग्य तो पाना तुझ्या हातात पडायला लागला, आणि तू खालून हसायचीस ते मला ऐकू यायचं. माझे फार सुखाचे रविवार होते ते. हे तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

तर झालं असं. आमचे चिरंजीव आता वेगळे राहतात, रविवारी जेवायला येतात, हे तुला माहीत असेलच. गेल्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले की गाडीला भंगारवाला गिऱ्हाईक मिळालं आहे, महिनाअखेरीला घेऊन जाईल, बाबांची सही लागेल. यांनी मान डोलावली. यांचं तुला ठाऊकच आहे, जेवताना यांना काहीही विचारलं तरी मान डुलते. मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं की महिनाअखेरीपर्यंत गाडी तपासणीत पास झाली तर ती माझी, नाही झाली तर खुशाल घेऊन जा. चिरंजिवांनी विचारलं, तिला पासपर्यंत नेणार कोण? मी म्हटलं, मी. तो हसला, वाईट नाही हसला, लहानपणी हसायचा तसाच हसला. म्हणाला, “आई, खाली जाशील तू, पण बाहेर काढायला मला फोन कर.”

गाडी कशाला हवी हे त्यानं विचारलं, यांनी विचारलं, प्राध्यापकांनीही जिन्यात गाठून विचारलं. मी कुणालाच सांगितलं नाही. चालवायला मला येतंच, बारा वर्षं ड्यूटीला मीच नेत होते. पण तेवढंच कारण नव्हतं.

पहिले दोन दिवस बॅटरीनं खाल्ले. तिच्या टोकांवर पांढरं बुरशीसारखं साचलं होतं, ते गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासलं. गाडीच्या स्पेअर पार्टवाल्याकडून चार्जर आणला. तो गल्ल्यामागून मला विचारत होता, साहेबांना कुठलं ऑइल सांगितलंय मेकॅनिकनं? मी त्याला आकडे सांगितले, तू फिल्टरच्या झाकणावर खडूनं लिहायचीस ते मला पाठ आहेत. मग तो बाई म्हणायचा थांबला आणि मॅडम म्हणायला लागला. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. असा काळा धूर सोडला की प्राध्यापकांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. मला इतका आनंद झाला की मी यांना पार्किंगमध्येच मिठी मारली आणि यांचा चष्मा खाली पडला.

ऑइल मी रविवारी सकाळी काढायला घेतलं. सगळं तुझ्या पद्धतीनं. मागच्या चाकांना विटा लावल्या, जॅकनं पुढची बाजू उचलली, लोखंडी स्टँड लावले, आणि गाडी हलवून हलवून खात्री केल्याशिवाय खाली गेले नाही. इंजिन आधी पाच मिनिटं चालू ठेवून कोमट केलं होतं. हे हातात टॉर्च धरून उभे होते आणि उजेड माझ्या नाकावर पाडत होते. जुनं ऑइल काकवीसारखं काळंकुट्ट, धुण्याच्या टबात पडत राहिलं. फिल्टर काही केल्या सुटेना. तेव्हा हे हळूच म्हणाले, तिला विचारू का? मी खालूनच विचारलं, तिला म्हणजे कुणाला? आणि मग कळलं की या माणसाकडे तुझा नंबर आहे, पत्ता आहे, आणि दर पंधरा दिवसांनी हे चालायला जातो सांगून बागेतल्या बाकावरून तुझ्याशी बोलतात. दीड वर्ष! जेवणात मीठ कमी पडलं तरी ज्यांच्या तोंडावर दिसतं, त्या माणसानं हे पोटात ठेवलं. रागवावं की रडावं ते कळेना, तेही गाडीखाली झोपून. मी एवढंच म्हटलं, विचारू नका. तुला फोन करायला मला तोंड नव्हतं, आणि मदत मागायला तर नव्हतंच. हातातले रबरी मोजे उलटे करून पकड घेतली आणि सगळा जोर लावला. फिल्टर सुटला, त्याच्या पत्र्याची कड अंगठ्यात गेली, ही ती पट्टी.

नवा फिल्टर लावला, रिंगला ऑइलचं बोट फिरवून, हातानं घट्ट, पान्यानं नाही. नवं ऑइल ओतलं. ऐटीत आत बसले आणि किल्ली फिरवली. दहा सेकंदसुद्धा झाले नसतील, खालून बादली उपडी केल्यासारखा आवाज आला आणि हे ओरडले. इंजिन बंद करून उतरले तर अख्खं नवं ऑइल जमिनीवर, आणि हे त्याच्या मधोमध नव्या चपला घालून उभे. आणि नेमके त्याच वेळी चिरंजीव जेवायला आले.

तो हसला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं ते थारोळं बघितलं, माझा अंगठा बघितला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला की आई, आता पुरे, मी उद्याच त्या माणसाला बोलावतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते ऑइलसाठी नव्हतं. मी म्हटलं, महिना संपायला नऊ दिवस आहेत. 

जेवणानंतर मी पुन्हा खाली गेले आणि स्टुलावर नुसती बसून राहिले. काय चुकलं? सगळं तर तुझ्यासारखं केलं होतं. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की एक गोष्ट माझ्यासारखी केली नव्हती. थिएटरमध्ये टाके घालायच्या आधी सगळं मोजायचं, मोठ्यांदा, दोनदा. चिमटे, सुया, कापसाचे बोळे. आकडा जुळेपर्यंत टाका पडत नाही, सर्जन कितीही आरडाओरडा करो. मोठे मोठे डॉक्टर माझ्यापुढे हात वर धरून गप्प उभे राहिलेले आहेत. अठ्ठावीस वर्षांत एकाही पेशंटच्या पोटात माझ्यामुळे काही राहिलं नाही, आणि इथे मी न मोजता पोट शिवून मोकळी झाले होते.

जुनी चादर अंथरली. काढलेली एकेक वस्तू तिच्यावर ओळीनं मांडली आणि यांना वही घेऊन बसवलं. नट एक. वॉशर एक. फिल्टर एक. फिल्टर उलटा केला तर त्याची खाच रिकामी. रबराची रिंग नाही. टबातल्या ऑइलमध्ये हात घालून चाचपडलं, तिथेही नाही. मग ती एकाच जागी असणार. गाडीखाली गेले, नवा फिल्टर काढला, आणि बोट फिरवलं तर जुनी रिंग इंजिनला चिकटून बसलेली, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं चपटी झालेली. तिच्यावर मी दुसरी दाबून बसवली होती. दोन रिंगांमध्ये फट, आणि फटीतून सगळं ऑइल बाहेर. नखानं ती सोलून काढली आणि खालूनच ओरडले, “सापडली, लिहा, रिंग एक!” यांनी लिहून घेतलं आणि मला काही न सांगता चहा करायला वर गेले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

दुसऱ्यांदा ऑइल ओतलं, किल्ली फिरवली, आणि खाली पुठ्ठा अंथरून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. एक थेंब नाही. पुठ्ठा अजून ठेवला आहे. हे म्हणतात फ्रेम करू, मी नको म्हटलं, पण फार जोरानं नाही.

आणि काल तपासणी. तिथला माणूस तुझ्याच वयाचा असेल. फॉर्म भरताना त्यानं विचारलं, सर्व्हिस कुठल्या गॅरेजला केली? मी म्हटलं, घरी. कुणी केली? मी केली. त्यानं पेन थांबवलं, माझे केस बघितले, अंगठा बघितला. मग खालच्या खड्ड्यात उतरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.  तेवढ्यात त्यानं दुसऱ्या दोघांना हाक मारली, “इकडे या रे, बघा जरा.” मी म्हटलं, संपलं. तर तो त्यांना नट दाखवत होता. प्रत्येक घट्ट केलेल्या नटावर खडूची खूण, तुझ्यासारखी, एकही सुटलेला नाही. वर येऊन म्हणाला की मॅडम, आमच्याकडे येणाऱ्या गॅरेजवाल्यांना पाठवतो तुमच्याकडे शिकायला. मी मान ताठ ठेवून बाहेर आले आणि पहिल्या वळणावर गाडी बाजूला घेऊन पोटभर हसले. हे शेजारी बसून शिक्का पुन्हा पुन्हा वाचत होते.

आता गाडी कशासाठी हवी होती ते. तुमचं शेवटचं बोलणं झालं त्या दिवशी आपण चौघं बैठकीच्या खोलीत होतो. चिरंजिवांनी माझ्याकडे वळून विचारलं की आई, तू सांग, मी हिला कधी फसवलं का? तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका. पोरी, मला माहीत होतं. सहा महिने आधीपासून माहीत होतं, त्या बाईचा फोन मी स्वतः घेतला होता आणि त्याला विचारलंही होतं. तो कबूल झाला होता, बंद करतो म्हणाला होता, आणि मी त्यावर विसंबून गप्प बसले. तुझ्यावर सगळे संशयी म्हणून ठपका ठेवत होते आणि खरं सांगू शकणारी एकटी मी, पदर सावरत उठले आणि स्वयंपाकघरात गेले. याची माफी फोनवर मागायची नाही, यांच्याकडून निरोपही पाठवायचा नाही, आणि मुलाच्या गाडीत बसून तर अजिबात यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काल संध्याकाळी चिरंजिवांना बोलावून हे सगळं त्याच्यासमोर बोलले, तुझ्यासमोर काय बोलणार तेही सांगितलं. तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, “वाटेत घाट आहे आई, सावकाश जा.” तर येत्या रविवारी सकाळी आठला मी निघते, एकटी. साडेबारापर्यंत तुझ्या दारात असेन. दार उघडलंस तर त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते तुझ्या डोळ्यांत बघून बोलेन. नाही उघडलंस तर तो तुझा हक्क आहे, मी बेल एकदाच वाजवेन, आणि टाकी जाऊन-येऊन पुरेल एवढी भरून घेतली आहे.

सही काय करावी ते ठरेना. तू मारायचीस तीच हाक लिहिते, पटली नाही तर खोडून टाक.

तुझीच,
आई