तुमच्या मेलमधली पानं

बाबा, तुमच्या मेलचा पासवर्ड मला माहीत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि गेल्या दीड महिन्यात मनातल्या मनात मी तुमच्याशी जेवढं बोलले तेवढं तुम्ही समोर असताना कधी बोलले नाही. पण सगळं बोलणं फिरून ह्या एकाच प्रश्नापाशी येतं. काय ठेवला होता तुम्ही पासवर्ड? आईचं नाव टाकून बघितलं. गावाचं नाव, माझी जन्मतारीख, तुमच्या जुन्या सायकलवर रंगवलेला नंबर, सगळं बघितलं. मी रोज लोकांना शिकवते, बाबा, की पासवर्ड असा ठेवा जो घरच्यांनाही ओळखता येणार नाही. तुम्ही एवढ्या चांगल्या विद्यार्थ्यासारखं ऐकायला नको होतं.

मी आता लातूरला असते. ज्या गल्लीत डॉक्टर-इंजिनिअर होऊ बघणारी पोरं सकाळपासून शिकवण्यांच्या दारात उभी असतात, त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर माझा छोटा क्लास आहे. आठ कॉम्प्युटर, दोन पंखे. माझ्याकडे येतात ती सगळी पन्नाशीच्या पुढची माणसं. कुणाला माऊस हातात धरायची भीती, कुणाची सेव्ह केलेली फाईल सापडत नाही, कुणाचा फोन भरून अडकलेला. मी कुणावर ओरडत नाही. पोळलेली असल्यासारखी मी त्यांच्याशी हळू बोलते, आणि सगळे म्हणतात मॅडम फार शांत आहेत. त्यांना काय माहीत, हदगावला मी कशी होते ते.

हदगावचा तो क्लास बस स्टँडच्या मागं, बियाण्याच्या दुकानाच्या वर होता. मी नुकतीच तिथं शिकवायला लागले होते, आणि तुम्ही सव्वीस वर्षं पंचायत समितीत शिपाई राहून क्लार्क झाला होता. मुदतीत कॉम्प्युटरची परीक्षा पास झाला नाहीत तर पुन्हा शिपायाच्या स्टुलावर. गावात दुसरा क्लास नव्हता. पहिल्या दिवशी तुम्ही चपला बाहेर काढून दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "मॅडम, आत येऊ का?" घरी तुम्ही मला 'माय' म्हणायचा. मला वाटलं, थट्टा करताय. पण परीक्षा होईस्तोवर त्या खोलीत तुम्ही मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही. माऊसला हात लावण्याआधी तुम्ही रुमालानं बोटं पुसून घ्यायचा. दोनदा टिचकी मारायची, तर मधेच तुमचा हात हलायचा आणि पडद्यावरचं चित्र भलतीकडंच जाऊन बसायचं. "मॅडम, हे पळालं," तुम्ही म्हणायचा. कॉलेजची पोरं हसायची. एक दिवस एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे काका कोण?" मी म्हणाले, "पंचायत समितीतले आहेत." तुम्ही शेजारच्याच कॉम्प्युटरवर होता. तुमची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

आणि मग तो दिवस. तुम्ही तासभर खपून रजेचा अर्ज टाईप केला होता, एकेक अक्षर शोधत, दोन बोटांनी. लाईट गेली. बॅटरी बसलेली होती, सगळे पडदे काळे झाले. बाकीच्यांनी मधून मधून सेव्ह केलं होतं, तुम्ही केलं नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दहा वेळा सांगितलं सेव्ह करा म्हणून. डोकं हाय का न्हाई तुम्हाला?" रागात माझी बोली पण घरचीच झाली होती. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. तुम्ही उठून उभे राहिलात, साहेबासमोर राहतात तसे, आणि म्हणालात, "चुकलं, मॅडम." मला तुम्ही नजरेसमोर नको होता. म्हणून मी म्हणाले, "आजपासून रोज एक पान टाईप करायचं आणि स्वतःच्याच मेलवर स्वतःला पाठवायचं. म्हणजे हरवणार नाही." तुम्ही विचारलं, "काय लिहू?" मी म्हणाले, "काहीही लिहा. लहानपणाचं लिहा." आणि दुसऱ्या क्षणी विसरून गेले.

तुम्ही पास झालात. निकालाच्या दिवशी घरी आलात ते बगलेत एक पुडकं घेऊन. क्लासमधल्या लोखंडी खुर्चीनं माझी पाठ धरते हे तुम्ही कधी बघितलंत कोण जाणे. तुम्ही आपल्याकडच्या कापसाची छोटी जाड गादी शिवून आणली होती. "घे, माय," एवढंच. मी तुमच्या पाया पडले नाही. माफीही मागितली नाही. पुढं चार वर्षांनी तुम्ही ऑफिसातून आलात, पाणी मागितलंत आणि ते यायच्या आत बसल्या जागी गेलात.

आता पुढचं ऐका, बाबा, आणि सगळं माझ्याच हातानं झालंय हे आधी ऐका. तुमचा फोन आई वापरायची. नंबर तुमचा, मेल तुमचाच, ती त्यावर प्रवचनं ऐकायची. अडीच वर्षांपूर्वी मी तिला लातूरला आणलं, नवा फोन घेतला, नवा नंबर घेतला. दोन दोन नंबर कशाला, म्हणून तुमचा बंद पडू दिला. जुना फोन मी पुसून कोरा केला आणि क्लासमधल्या एका बाईंना सरावाला देऊन टाकला. आईनं विचारलं होतं, "त्यातलं समदं जाईल का गं?" मी म्हणाले, "काय आहे त्यात? नुसता कचरा."

दीड महिन्यापूर्वी आई भाकरी थापत होती आणि मी क्लासमधल्या गमती सांगत होते. टाईपिंगच्या सरावाला मी सगळ्यांना स्वतःबद्दल दहा ओळी लिहायला लावल्या होत्या. आई म्हणाली, "तुझे बाबा बी लिहायचे की. तूच सांगितलं होतंस म्हणं, रोज पानभर."

"काय लिहायचे?"

"त्यांच्या मायचं. ती कापूस वेचताना गाणं म्हणायची, ते गाणं पण लिहिलं होतं सगळं. मला वाचून दाखवायचे कधीमधी. परीक्षा झाल्यावर बी लिहून राहिले होते की, ऑफिसात बसून."

"कुठं आहे ते, आई?"

"मला काय ठाऊक. त्या मेलात म्हणं." तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "तू काढ की. तुला येतं ना समदं?"

तुमची आई तुम्ही सात वर्षांचे असताना गेली. तिचा फोटो नाही. तिचं नाव सोडून मला तिच्याबद्दल काहीही माहीत नाही, आणि जे तुम्हाला माहीत होतं ते तुम्ही पानापानानं माझ्या शब्दाखातर लिहून ठेवलं होतं. मी त्याच दुपारी तुमचा मेल पत्ता टाकला. खातं जिवंत होतं, पण वर सूचना होती की बरेच दिवस कुणी फिरकलं नाही म्हणून ते लवकरच काढून टाकण्यात येईल. पासवर्ड विसरला असाल तर तुमच्या मोबाईलवर आकडा पाठवतो, असं खाली लिहिलं होतं. तुमचा मोबाईल म्हणजे जो नंबर मी मरू दिला तो.

तो नंबर मी लावला. वाजला, बाबा. एका बाईनं उचलला, आवाज वयस्कर. मी घाईघाईनं सांगायला लागले, नंबर आधी माझ्या वडिलांचा होता, तुम्हाला एक सहा आकड्यांचा मेसेज येईल... तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "आकडा पायजे तुला? मी काय खुळी हाय व्हय? आमच्या किल्लारीत दोघांचं असंच झालंय. जीव गेला तरी आकडा सांगायचा न्हाई, बँकेतल्या साहेबानं सांगितलंय." फोन बंद. माझ्या मागं फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ओटीपी कुणालाही सांगू नका.' मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. तिसऱ्या दिवशी क्लासमधल्या एका बाईंच्या फोनवरून लावला आणि रडले. ती म्हणाली, "फोनवर न्हाई सांगणार. खरी असशील तर ये हितं. तोंड बघते, मग ठरवते."

एसटीनं किल्लारीला गेले. भूकंपानंतर बांधलेली सरळ रांगेतली घरं, सगळी सारखी. विचारत विचारत पोचले. ती ओसरीवर हरभरा निवडत होती, पासष्टीची असेल. मी तुमचं ऑफिसचं जुनं ओळखपत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "ह्यांचा व्हय नंबर? अजून फोन येत्यात यांना. परवा एकानं 'जयभीम, साहेब' म्हणून फोन केला. मी बी जयभीम घातला. काय करू मग?" मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. ती म्हणाली, "माझ्या आईचा फोटो ढिगाऱ्यात गेला बघ. आता तोंड आठवत न्हाई मला तिचं. लई ताण देते, पण न्हाई आठवत." आणि तिनं फोन माझ्यापुढं सरकवला. "घे. तूच बघ."

आकडा आला. मी टाकला. पडद्यावर हिरवी खूण उमटली, आणि मावशी, एव्हाना मी तिला मावशीच म्हणायला लागले होते, माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात पुढचं पान उघडलं. आकडा बरोबर आहे, पण खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड टाका, किंवा पूर्वी वापरत होता त्या फोनवरून प्रयत्न करा. तो फोन मी पुसला होता. चहा तसाच निवला.

त्यानंतर तीन आठवडे हेच. मी क्लासमधून प्रयत्न करायची आणि किल्लारीहून मावशीचा फोन यायचा. "आला गं आकडा, लिही." त्या कंपनीला मी मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, तुमचा मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर यंत्राचं यायचं, प्रत्येक वेळी तेच, प्रत्येक वेळी नम्र. हदगावला जाऊन आले, कुठं एखादा जुना कॉम्प्युटर उरला असेल म्हणून. क्लासच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. तुमच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेत. एक म्हातारा शिपाई म्हणाला, "साहेब डबा खाऊन झाला की टाईप करत बसायचे. आम्ही म्हणायचो, काय लिहिता एवढं? ते म्हणायचे, मॅडमनं गृहपाठ दिलाय." मला तिथं उभं राहवलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी तुमचा पत्ता टाकला आणि पडद्यावर आलं, असं खातं सापडलं नाही. स्पेलिंग तपासलं. तीनदा तपासलं. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी दिला असता आकडा तर?" मी म्हणाले, नाही मावशी, तरी नसतं उघडलं. तिला खरं वाटलं की नाही, माहीत नाही. त्या दिवशी मी क्लास घेतला. आजोबांच्या वयाच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, काढून टाकलेलं परत मिळतं का?" मी म्हणाले, "काही वेळा मिळतं." आणि पाणी प्यायला बाहेर गेले.

हे मी माझ्याच मेलमध्ये लिहिते आहे. पाठवायचं कुठं? पाठवलं तर असा पत्ता नाही म्हणून उलट माझ्याकडेच येईल, आणि ते मला आता बघवणार नाही.

एक सांगायचं राहिलं. आई रोज विचारायची, उघडलं का. बुधवारी दुपारी तिनं विचारलं आणि मी म्हणाले, "हो, उघडलं." ती हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. "वाच की मग." माझ्यापुढं पडद्यावर क्लासच्या हजेरीचा तक्ता होता. त्याच्याकडं बघत मी वाचायला लागले. माझी माय उंच होती, मी म्हणाले. कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या, तरी ती मला जवळ घ्यायची तेव्हा तळहात उलटा करून घ्यायची, मला बोचू नये म्हणून. मी मनचं सांगत होते, बाबा, एकेक वाक्य तिथल्या तिथं रचत होते. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, आत्ता म्हणेल, हे असं नव्हतं. ती म्हणाली, "हाव. असंच लिहिलं होतं त्यांनी." आणि मग उठता उठता म्हणाली, "गाण्याचं उद्या वाच."