खलाशाची बायको एका अंगठ्यावर उभी राहिली तेव्हा

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी साष्टांग नमस्कार. (माझ्या कमरेची अवस्था आपण जाणताच. प्रत्यक्षात केवळ मान लवली आहे, उरलेली अंगे मनाने लववली आहेत. देव रोज एवढ्यावर चालवून घेतो, आपणही घ्यावे.) आपल्या गुडघ्याचा शेक नियमाने चालू असेल आणि वहिनींचा खोकला उतारास लागला असेल, अशी आशा करतो. इकडे ईश्वरकृपेने सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची रीत आहे. म्हणून लिहिले.

दूरध्वनी करण्याऐवजी पत्र लिहीत आहे, कारण आपल्या घरी यंत्र वाजले की ते प्रथम आपली धाकटी बहीण, म्हणजेच आमची सौभाग्यवती, उचलते, आणि माझा आवाज ऐकून पुन्हा जागेवर ठेवते. ती आपल्याकडे आहे हे मला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे, आणि या ज्ञानाचा आम्हां उभयतांस काडीचा उपयोग झालेला नाही. तिने आपणांस काय सांगितले असेल याची कल्पना करू शकतो. म्हणून मूळ हकिकत निवेदन करतो. न्याय आपण करावा. (आपण तिचे सख्खे भाऊ असल्यामुळे तो होणार नाही हे गृहीत धरले आहे.)

सध्या इथे खेळ करीत असलेली रशियाची ही बॅलेची मंडळी पूर्वीही दौऱ्यावर येत असे, आणि तेव्हा आम्ही दोघेच जात असू. सज्जातील शेवटची रांग. तिच्या हाती आपल्या कैलासवासी वडिलांची ती छोटी दुर्बीण, माझ्या कोटाच्या खिशात जपमाळ. खेळ संपला की पूल ओलांडून पायी घरी येत असू. ती पहिल्या पडद्यापासून सारा नाच बोलत येई, कोण कसा उडाला, कोणाचा झगा कोणाच्या पायात आला, सर्व. आणि घराचा जिना येईपर्यंत मी त्यावर शास्त्राधारे भाष्य करीत असे. कोणाला उपद्रव नव्हता. संसारात इतकी निरुपद्रवी गोष्ट फार दिवस टिकत नाही, हे मी पोथ्यांतून वाचले होते, परंतु वाचलेले सर्व आपल्याच घरासाठी लिहिलेले असते हे कळायला उशीर झाला.

मागच्या दौऱ्यात एका दंतवैद्याने तिची दुर्बीण पाहिली आणि आम्हांस आपल्या रसिक मंडळात ओढले. मंडळाची बैठक त्यांच्या दवाखान्यातील प्रतीक्षागृहात भरते, कारण शहरात एवढ्या खुर्च्या अन्य कोणाकडे नाहीत. लवंगेच्या तेलाचा वास येत असतो, काचेच्या पेटीत मासे फिरत असतात, आणि भिंतीवर किडलेल्या दाढेचे चित्र असते. त्याखाली बसून सौंदर्याची चर्चा करावयाची. सभासदांत पियानो शिकवणाऱ्या एक बाई आहेत. एक निवृत्त नकाशे काढणारे आहेत, त्यांना नर्तकांच्या टाचांखेरीज काही दिसत नाही म्हणून सारे त्यांना टाचदुखे म्हणतात. मला शास्त्रीबुवा म्हणत. म्हणत असत.

या मंडळाचा एक नियम आहे. खेळ पाहिल्यावर दुसऱ्या दिवशीच्या बैठकीपर्यंत त्याविषयी अवाक्षर काढायचे नाही. घरी नाही, दारी नाही, नवऱ्याशी नाही, बायकोशी नाही. पहिला ठसा दुसऱ्याच्या बोलण्याने पुसला जातो, असे दंतवैद्यांचे मत. मौनव्रत मला जन्मभर प्रिय. त्यामुळे या नियमाची सर्वांत अधिक स्तुती मीच केली होती. आपल्या बहिणीने तेव्हा एवढेच विचारले होते, "मग येताना चालत कशाला यायचं?" मी हसलो. आता हसू येत नाही.

या वेळचा खेळ एका खलाशाच्या बायकोचा. पहिल्या अंकात लग्न, दुसऱ्यात तो समुद्रावर जातो, तिसऱ्यात ती किनाऱ्यावर त्याची वाट पाहते. बायकोचे काम त्या मंडळीतील सर्वांत वयस्क नर्तकीकडे, जिला आमचे रसिक थोरली म्हणतात. आणि दादा, तिसऱ्या अंकात मी जे पाहिले ते या डोळ्यांनी पाहिले. थोरली एका पायाच्या अंगठ्यावर उभी राहिली, आणि उभीच राहिली. ना हात हलला, ना पापणी. वाद्यांतून एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मला तो जप वाटला. निवाऱ्यातल्या दिव्याची ज्योत जशी उभी असते तशी ती बाई उभी होती. ज्या स्थैर्यासाठी मी पहाटे उठून आसन घालतो आणि ज्यात मला शेजारच्या नळाखेरीज काही ऐकू येत नाही, ते त्या परदेशी बाईला सहज साधले होते. माझ्या अंगावर काटा आला. घरी येताना आम्ही नियम पाळला. पूल ओलांडला, जिना चढलो, जेवलो, निजलो, शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य म्हणाले, "शास्त्रीबुवा, थोरलीबद्दल तुम्हीच सुरुवात करा." मी उठलो. देहबुद्धी गळणे म्हणजे काय, प्रतीक्षा हीच उपासना कशी, मन निश्चल झाले की पाय आपोआप कसा निश्चल होतो, हे मी विस्ताराने मांडले. (विस्तार थोडा जास्त झाला असावा. दोन मासे झोपले.) मी बसलो तेव्हा पियानोबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"तसं काही नाही हो. ती पुढचं विसरली होती."

आपल्या भगिनीचा आवाज. शांत, कपड्यांच्या घड्या घालताना असतो तसा. "मी दुर्बिणीतून बघत होते ना. डोळे सारखे खाली वादकांकडे जात होते. ओठ हलत होते बिचारीचे."

"तरीच!" पियानोबाईंनी डोळे पुसले आणि पक्षही बदलला. "तरीच त्यांनी ती ओळ परत परत वाजवली. तिला आठवेपर्यंत सांभाळून घेत होते."

"आणि टाच थरथरत होती," टाचदुखे उठून उभे राहिले. "मी केव्हाचा सांगणार होतो. पण वहिनी, हे शास्त्रीबुवांना कसं दिसलं नाही?"

त्यावर ती म्हणाली, आणि दादा, हे तिने कसल्याही आकसाने म्हटले नाही, हेच मला अधिक लागले, "त्यांना कसं दिसणार? त्यांचे डोळे मिटलेले होते."

संपूर्ण प्रतीक्षागृह हसले. डोळे मिटणे आणि निजणे यांत भेद आहे, हे समजण्यास अधिकार लागतो, आणि तो दाढा उपटून येत नाही. परंतु त्या क्षणी शास्त्र आठवले नाही. जे आठवले ते मी बोललो. मी म्हणालो, जिला उभ्या आयुष्यात गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवता आले नाही, तिने रंगभूमीवरच्या पावलांवर लक्ष ठेवू नये. तेव्हा ते पुन्हा हसले, या वेळी माझ्या बाजूने. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण त्या हसण्याचा आनंद मला झाला नाही. तिने दुर्बीण डबीत ठेवली. डबीचे झाकण टक् करून बसले. पुलावर ती पुढे, मी मागे. सकाळी ती पिशवी घेऊन आपल्याकडे निघाली. दारात एवढेच म्हणाली, "दुधाकडे बघा."

त्यानंतर मंडळाची दोन शकले झाली. स्थैर्यवाले आणि विस्मरणवाले. टाचदुखे मला पाहून रस्ता ओलांडतात. दंतवैद्यांनी माझी सैल झालेली दाढ पाहण्यास नकार दिला नाही, परंतु पाहताना थोरलीविषयी प्रश्न विचारले, आणि तोंडात आरसा असताना कोणताही सिद्धान्त मांडता येत नाही. या रसिकतेचा मला आता वीट आला आहे. परक्या बायांनी परक्या रंगभूमीवर गिरक्या घ्याव्यात आणि आपण आपली घरे मोडावीत, हा कोणता धर्म? शनिवारी त्या मंडळीचा इथला अखेरचा खेळ आहे, तोच खलाशाचा. मी जाणार नाही. या वयात नामस्मरण पुरेसे आहे, आणि त्याला दुर्बीण लागत नाही. आपल्या भगिनीस आपल्याकडे बरे वाटत असेल तर अवश्य ठेवून घ्यावे. माझी कोणतीही हरकत, अपेक्षा वा गैरसोय नाही.

वहिनींस नमस्कार. आपल्या आशीर्वादाचा आणि (असल्यास) न्यायाचा इच्छुक,

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ताजा कलम: दूध रोज उतू जाते. मी समोर उभा असतो, डोळे उघडे असतात, तरी जाते. हे तिला सांगू नये. सांगितलेच तर मी लिहिले असे सांगू नये.

आणखी: शनिवारची दोन्ही तिकिटे तिच्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत. मी जाणार नसल्यामुळे मला त्यांची गरज नाही. केवळ माहितीसाठी कळवले.

आणखी एक, आणि हे आपल्यापुरतेच: शुक्रवारी बैठक आहे. टाचदुख्यांनी मला भर सभेत आव्हान दिले आहे, की बुवा जागे होते तर थोरली स्थिर उभी राहिल्यानंतर पुढे काय घडले ते सांगावे. आता अडचण अशी आहे की त्या स्थैर्याच्या दर्शनाने माझे डोळे जे पुन्हा मिटले, ते टाळ्यांनी उघडले. छापील पत्रकात शेवट दिलेला नाही, तो रंगभूमीवरच पाहावा असे वर छापले आहे. पूर्वी हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण पुलावर सारे कळत असे. इतकी वर्षे मी सज्जात बसून पाहिले ते फार थोडे, दादा. बाकीचे तिने दाखवले. तेव्हा तिला सहज, दुसरेच काही बोलता बोलता विचारावे, की तो खलाशी शेवटी परत येतो का? आणि येत असेल, तर ती वाट पाहणारी त्याला आत घेते का?

उत्तर मात्र पत्राने पाठवू नये, शुक्रवारची बैठक हुकली तरी हरकत नाही. आपले अक्षर मला लागत नाही. तिलाच सांगू द्यावे, शनिवारी, चालता चालता.