दुसरं वाचन

प्रिय बेडके,

"तुम्हा दोघींचं मिळून एकच धड माणूस होतं." पहिल्या वर्षी नदीकाठी सर आपल्याला हे म्हणाले होते, आठवतंय? माझ्याकडे तळातला चिखल काढायच्या नळ्या होत्या आणि झाकणं नव्हती. तुझ्याकडे झाकणं होती आणि तू अर्धा तास उशिरा, तेही नदीच्या पलीकडच्या काठावर उगवली होतीस. मग बूट गळ्यात अडकवून, झाकणांची पिशवी डोक्यावर धरून तू सरळ पाण्यातून चालत आलीस. त्या दिवसापासून तू बेडकी. आणि हसता हसता मी चिखलात अशी बसकण मारली की उठताच येईना, म्हणून मी ढेकूळ. सरांचं वाक्य ऐकून तू म्हणालीस, "सर, मग हजेरीही एकच लावा." सर हसले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी आपल्याला कधी वेगवेगळ्या गटांत टाकलं नाही.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. परीक्षा होती वगैरे मी लिहू शकते, पण तुझी परीक्षाही त्याच सुमारास असते आणि तू पत्रं लिहितेसच. खरं कारण हे की तू नळी मागितलीस. सरळ, एका ओळीत, घरी राहिलेला स्वेटर मागावा तशी. "आपली ती न उघडलेली नळी पाठवून दे ना, इथे उघडू." ते 'इथे उघडू' मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. 'इथे' म्हणजे तुझ्या परदेशातल्या लॅबमध्ये, ते मला कळलं. 'उघडू' म्हणजे कोण कोण, तेही कळलं.

नळी आहे. थंड खोलीत, सगळ्यात खालच्या फळीवर, तू ठेवलीस तशीच. तू जायच्या आधी आपण नदीच्या वळणावर शेवटचं गेलो आणि चिखलाच्या दोन नळ्या काढल्या. एक त्याच दिवशी उभी चिरली. दुसरी चिरायला घेतली तेव्हा तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ही राहू दे. मी आल्यावर दोघी उघडू. कामाला काहीतरी शिल्लक असलं की माणूस परत येतं." वर चिकटपट्टी लावून त्यावर 'हात लावाल तर बघा' असं लिहिलंस. वर्षभरात लॅबमधल्या प्रत्येक वस्तूला कुणी ना कुणी हात लावला. माझा डबासुद्धा दोनदा कुणी खाल्ला. त्या नळीच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही.

तू दिलेली कारणं मी नीट वाचली आणि एकही खोडता येत नाही. तिथल्या यंत्राखाली चिरलेली नळी ठेवली की केसाएवढ्या थरातलाही धातू कळतो. आपल्याकडे बोटाएवढ्या थराचा चिखल वाळवून, कुटून, तपासणीच्या रांगेत महिनाभर थांबावं लागतं. वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याने नदीत पहिल्यांदा कधी काय सोडलं, हे आपण दोन वर्षं शोधत होतो, ते तिथे एका दुपारात कळेल. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, विचारायचं काय त्यात? पाठव आजच." वर तू लिहिलंस की शोधनिबंधावर तिघींची नावं घालू, माझं पहिलं. म्हणजे तुझ्यावर रागवायची सोयसुद्धा तू ठेवली नाहीस.

इकडची बातमी म्हणजे, तुझ्या जागी मला काका मिळालेत. काका म्हणजे आपल्याच वर्गात यंदा आलेले, पण चाळिशी उलटलेले. बँकेतली नोकरी सोडून शिकायला आलेत. वही नीट, बूट स्वच्छ, कधी उशीर नाही. झाकणंही विसरत नाहीत. पण रंग वाचायची वेळ आली की माझा जीव नकोसा होतो. मी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं, की नळी उघडल्यावर हवा लागून चिखलाचा रंग बदलायला लागतो, म्हणून लगेच दोघांनी एकमेकांना न विचारता तो रंगपुस्तकातल्या चौकोनांशी ताडून बघायचा आणि आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा. जुळला तर ठीक, नाहीतर पुन्हा. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तो." मी म्हटलं, काका, असं नाही चालत, तुम्हाला काय दिसतं ते लिहा. तर म्हणतात, "मी घरच्या पडद्यांचा रंगही बायकोला विचारून सांगतो. तुम्हाला राखाडी दिसतोय ना? मग राखाडीच असणार." मी त्यांचं नाव होयबा ठेवलंय. तेही त्यांना मान्य आहे.

आपलं कधी जुळलं होतं गं पहिल्यांदा? मला एकही वेळ आठवत नाही. तुझं नेहमी एक घर पिवळ्याकडे, माझं एक घर राखाडीकडे. मग सुरू. तू म्हणायचीस, तुझ्या डोळ्यात ढग आहेत. मी म्हणायची, तुला कावीळ झालीय. चिखल खिडकीशी न्यायचा, थोडं पाणी शिंपडायचं, पुन्हा पुस्तक, पुन्हा भांडण. एकदा एका थरावरून आपण इतकं भांडलो की तो वाळून तिसऱ्याच रंगाचा झाला आणि सर म्हणाले, "आता दोघी चूक. अभिनंदन, पहिल्यांदाच एकमत झालं." त्या दिवशी परतीच्या बसमधून उतरताना तू म्हणालीस, "हिरवट होता. मरेपर्यंत म्हणेन."

आता फोटोंबद्दल लिहिते. थराचा फोटो काढताना मापासाठी शेजारी काहीतरी ठेवायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. हातोडी ठेव, पेन ठेव, पट्टी ठेव. तुझ्या पहिल्या दोन महिन्यांतल्या फोटोंत माझं निळं पेन असायचं, तू माझ्याकडून ढापून नेलेलं. मग पेन गेलं आणि हात आला. लांब बोटं, अंगठ्याला चांदीची अंगठी, नखांत चिखल. दरीच्या कड्यावर तोच हात, बर्फ वितळलेल्या ओढ्यातही तोच, खाणीच्या पाण्याने तांबड्या झालेल्या दगडावरही तोच. तुझ्या तिथल्या या जोडीदारणीचं नाव तू पत्रात दर चार ओळींनी लिहितेस, मी एकदाही लिहिणार नाही. माझ्यापुरती ती हातवाली. काकांना मी ते फोटो दाखवले, तर ते म्हणाले, "वा! थर किती स्पष्ट आलेत." मला थर दिसलेच नव्हते. भूशास्त्राच्या विद्यार्थिनीने हे लिहावं, म्हणजे सरांनी कानच धरायला हवा.

पण हाताचंही मी सोसलं असतं. मागच्या पत्रात तू एक वाक्य लिहिलंस, बहुतेक घाईत, कारण त्यापुढे लगेच जेवणाबद्दल लिहिलंयस. "आमचे रंग पहिल्या फटक्यात जुळतात गं, केवढा वेळ वाचतो!" बेडके, मी ते वाक्य घेऊन आठवडाभर फिरतेय. जुळतात म्हणजे काय? तिचा डोळा मुळातच तुझ्यासारखा आहे, की तुझा बदलला? यातलं कोणतं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही. आणि वेळ वाचतो, हे तर खरंच आहे. आपण किती वेळ घालवला! दुपारच्या दुपारी गेल्या. मला वाटायचं, तेच आपलं काम आहे.

आईला वाटतं, तुला परदेशी जायला मिळालं आणि मला नाही, म्हणून माझं तोंड उतरलंय. जागा एकच होती, ती तुला मिळाली, तेव्हा मीच लॅबमध्ये बादली वाजवत नाचले होते, हे तिला सांगून झालं. नाही म्हणायला त्या यंत्राबद्दल थोडी जळते. ते कुणीही जळेल. पण जाण्यावर माझा राग नाही. शेवटी नळीचं सगळं तिला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "आम्ही भावंडं निदान जमिनीवरून भांडलो. तुम्ही चिखलावरून भांडा." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तिची इतकी वाट बघतेस, तर तिला तसं लिही ना. मला काय सांगतेस?" आई अशीच आहे. आधी टोचते आणि मग सुई तिथेच ठेवून जाते.

तर लिहिते. मी जळतेय. त्या मुलीने माझं काही वाईट केलेलं नाही, उलट तुझ्या पत्राच्या शेवटी तिने मला स्वतःच्या हाताने नमस्कार लिहिला, आपल्या अक्षरांत, उलटीसुलटी वळणं काढून, आणि ते बघूनही मी जळलेच. तू तिला शिकवलंस ना ते? शेजारी बसून? मला वाटलं होतं, तू तिथे जाशील, पुष्कळ शिकशील आणि माझी जागा मात्र रिकामी राहील. तसं कुणी कबूल केलं नव्हतं. मीच धरून चालले होते. आणि इकडे मी काय करते, तेही सांगते, हसू नकोस. काका माझ्याच चिठ्ठीची नक्कल करतात, तेव्हा दुसरं वाचन राहतंच. म्हणून मीच दोनदा बघते. एकदा माझ्या डोळ्यांनी, मग पुस्तक एक घर पिवळ्याकडे सरकवते आणि तू काय म्हणाली असतीस ते बघते. कामाच्या कागदावर ते लिहीत नाही, तेवढी अक्कल आहे. पण बघते. आणि खरं सांगू? बऱ्याचदा तुझंच बरोबर वाटतं. तो थर हिरवट होता, बेडके. आता कबूल करायला हरकत नाही.

हे पत्र तुला टपालाने मिळालेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. खोकं उघडल्यावर फोमच्या वर हेच पहिलं हाताला लागावं, म्हणून मी ते इथे ठेवलंय. खाली नळी आहे. काल काकांनी आणि मी तिला थंड ठेवणाऱ्या पिशव्यांत गुंडाळली, दोन्ही टोकांची झाकणं पुन्हा आवळली, 'वरची बाजू' असा बाण काढला. तुझी चिकटपट्टी मी काढली नाही. तू मागितलंस आणि कारणं खरी आहेत, म्हणून पाठवलं. मनापासून पाठवलं असं मात्र म्हणू नकोस. आता नळी चिरशील, चिखल ओला असेल, पुस्तक उघडं असेल, आणि शेजारी ती असेल. दुसऱ्या माणसाशिवाय रंग ग्राह्य धरत नाहीत, एकटीच्या वाचनाला तिथे कुणी विचारणार नाही, सर तर माझं पत्र वाचून मला नदीत ढकलतील. हे सगळं मला पाठ आहे, आणि तू शहाणी आहेस, तेव्हा तू नाहीच म्हणशील. तरी विचारते. उघडताना, फक्त रंग वाचायच्या त्या थोड्या वेळापुरतं, तिला खोलीबाहेर थांबायला सांगशील?

तुझीच,
ढेकूळ