कनेक्टरचे चार पाय

३ फेब्रुवारी, सोमवार
चौतीस मशीन परत! घरी वापरायची बीपी मशीन. सगळ्यांचा एकच आजार — चार्जिंगची वायर जरा ओढली की कनेक्टर बोर्डावरून उपटून हातात. साहेब म्हणाले, “ऑक्टोबरपर्यंत एक तक्रार नव्हती. तेव्हा काय बदललं, शोध.”
मला शोधायची गरज नव्हती. जेवणाचा डबा तसाच घरी आणला.

४ फेब्रुवारी
ऑक्टोबरात नीलाताईंना मेमो दिलेला. मीच. एकोणीस वर्षं लाइनवर बसलेली बाई! बोर्ड सोल्डरिंगच्या ओव्हनमधून बाहेर आला की त्या कनेक्टरच्या चारही पायांना हाताने थोडं जास्तीचं सोल्डर लावायच्या. “सर, पिना नाजूक. वायरची ओढ पायांनीच घ्यायला पाहिजे ना?” आणि मी — “प्रोसेसमध्ये लिहिलंय का? मग करायचं नाही.” ऑडिट तोंडावर होतं हे निमित्त. नवा होतो, सगळ्या लाइनसमोर माझंच खरं करायचं होतं. डिसेंबरात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण फाइलला मेमो होता.

६ फेब्रुवारी
कपाटात सप्टेंबरचा एक बोर्ड सापडला, नीलाताईंच्या हातचा. टेस्टिंगच्या प्रफुल्लने तो आणि आत्ताचा एक, असे दोन्ही बोर्ड ओढ मोजायच्या मशीनवर लावून ओढले. आत्ताचा साडेचार किलोला सुटला. त्यांचा नऊ किलोलाही जागचा हलेना. “भारीच! कोणी केलेलं रे हे?”
सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी
सोल्डरची पेस्ट ज्या पत्र्यातून बोर्डावर उतरते, त्याची पायांजवळची भोकं मोठी करून घेतली. आता ओव्हनमध्येच पायांना पुरेसं सोल्डर चढतं. आठ किलोच्या वर! सगळे पाठ थोपटतायत. मला लाज वाटते.

१६ फेब्रुवारी, रविवार
विठ्ठलवाडीला नीलाताईंकडे गेलेलो. चहा दिला, वर खारी. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चुकलं म्हणालो. परत या म्हणालो.
“नको सर, इथे शिवणाचं काम मिळालंय मला. एक करा. नवीन प्रोसेसच्या कागदावर कोणी सुचवलं त्याचा रकाना असतो ना? तिथे माझं नाव घाला. मेमोवर घातलेलंत, तसं पूर्ण.”
शब्द दिला. येताना किती हलकं वाटत होतं!

१८ फेब्रुवारी
कागद आला. रकान्यात साहेबांनी आधीच माझं नाव टाइप केलेलं. “प्रमोशनला कामी येईल रे.”
सही केली.