लिफ्टच्या वर्गाची पहिली सही

१४ जून

प्रिय ताई,

तुझा गुडघा कसा आहे? व्यायाम करतेस, की डॉक्टरांना नुसतंच हो म्हणतेस? आम्ही सगळे मजेत.

ताई, वर्ग वाचला! खरं तर हेच आधी लिहायचं होतं, पण म्हटलं, निदान गुडघ्याचं तरी विचारावं.

कॉलेजातला माझा लिफ्ट-दुरुस्तीचा अप्रेंटिसचा वर्ग सरकारी अनुदानावर चालायचा, तुला ठाऊकच आहे. मार्चमध्ये ते थांबलं. प्राचार्यबाई म्हणाल्या, "बारा जणांना विद्यावेतन कुठून देणार? बंद करू या."

मी म्हटलं, दोन महिने द्या. आणि एकेक वर्कशॉप पालथं घातलं. छोट्या कंपन्यांचं रडगाणं एकच, "बाई, एक माणूस वर्षभर ठेवण्याइतकं काम नाही हो." अशाच एका वर्कशॉपच्या बाकावर ताटकळत बसले होते तेव्हा सुचलं, तीन कंपन्यांनी मिळून एक उमेदवार घ्यावा! चार-चार महिने प्रत्येकीकडे. विद्यावेतन आणि आमची फी तिघींत वाटून. मुलांना तीन तऱ्हेच्या लिफ्ट हाताळायला मिळतील, आणि अनुदान येवो न येवो, वर्ग चालू राहील.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सही कोणी करेना. "ती मोठी कंपनी आली, की आम्ही येतो."

कोणती मोठी, ते मी मघापासून टाळतेय.

हो, भावोजींची. म्हणजे पूर्वीच्या भावोजींची. तुमचा घटस्फोट झाला त्या दिवशी, तू मागितलंही नसताना, मी तुला वचन दिलं होतं की त्यांच्या दारात पाऊल टाकणार नाही. टाकलं.

केस पिकलेत त्यांचे. कागद दोनदा वाचला. "तीन वर्षांची हमी?"

"तीन वर्षांची. दरवर्षी उमेदवार घ्यायचे. मध्येच सोडलंत तर उरलेला वाटा भरायचा."

"तू अजून तशीच भांडकुदळ." मग हळू आवाजात, "ती कशी आहे?"

"ते विचारायचा हक्क तुम्हाला नाही. सही करताय का?"

केली, ताई! पाच उमेदवार एकट्यांनी घेतले. बातमी फुटली आणि चार दिवसांत एकवीस छोट्या कंपन्या दारात. उरलेले सातही लागले! काल यादी लावली तर मुलांनी शिट्ट्या वाजवल्या, आणि आमच्या कडक प्राचार्यबाईंनी माझ्या पाठीत चक्क धपाटा घातला.

आता राहिलेलं सांगते. त्यांच्या ऑफिसातून निघताना मला चीड यायला हवी होती. नाही आली. मी एकेक सोडून पायऱ्या उतरले, इतकी खूश होते. तुझ्या वाट्याला काय आलं, ते त्या घटकेला आठवलंसुद्धा नाही. ते आठवलं घरी आल्यावर, आणि तेव्हापासून हे पत्र लिहिते आणि फाडते आहे.

रविवारी येते. घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुला न विचारता गेलेली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाणारी,
तुझीच
धाकटी